अनसाक्काच्या हातातली एकवीस काकणं

फार जुनी म्हणावी तर तेव्हाची दोन-चार झाडं अजून उभी आहेत, आणि कालची म्हणावी तर डोळ्यांनी पाहिलेलं एकही माणूस आता उरलेलं नाही, एवढ्या मागची ही गोष्ट आहे. ऐकणारा सात वर्षांचा असो की सत्तरचा, त्यानं जवळ सरकून बसावं. गोष्ट काचेची आहे, आदळआपट चालायची नाही.

गोष्टीआधी एक शब्द नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच तोललेली आहे. आम्ही दुकानदार माणसं संध्याकाळी दुकान 'बंद' करत नाही, 'वाढवतो'. बंद हा शब्द तोंडातून काढला तर लक्ष्मी रुसते. एकदा माझ्याकडे परमुलखातला एक नवा गुमास्ता आला होता. पहिल्याच दिवशी दिवे लागायच्या वेळी मी त्याला म्हटलं, "चला, दुकान वाढवा आता." मी हातपाय धुऊन येतो तो काय, त्यानं आतली सगळी पोती रस्त्यावर आणून मांडलेली! त्याचं काय चुकलं? त्याच्या भाषेत वाढणं म्हणजे मोठं होणं. आपल्यात मात्र पानात अन्न वाढतात, लेकरू वाढतं, दुकान वाढवतात, आणि बाईच्या हातातली बांगडी फुटली तर तीही फुटत नाही, 'वाढते'. बांगडी 'फुटते' ती एकदाच, नवरा गेल्यावर. म्हणून सवाष्णीच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही.

हे ध्यानात ठेवा आणि आता धोंडगव्हाणात चला.

धोंडगव्हाण म्हणजे एकशे चाळीस उंबऱ्यांचं गाव. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी. त्या गावात अनसाक्का नावाची एक कासारीण होती. ऐन पंचविशीत तिचा नवरा पटकीनं गेला. तेव्हापासून नवऱ्याची बांगड्यांची पाटी तिनं आपल्या डोक्यावर घेतली. पंचक्रोशीतल्या बायांचे हात ती हिरवे करत फिरायची आणि तिचे स्वतःचे हात मात्र कोपरापर्यंत मोकळे. तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. कितीही आवळ बांगडी असो, ती बोटं अशी दाबायची की बांगडी पाण्यासारखी मनगटावर उतरायची. तान्ह्या पोरीच्या हातात ती झोपेत काकणं भरायची आणि पोर जागी व्हायची नाही, असं म्हणतात.

तेव्हा जगात मोठी लढाई पेटली होती आणि आपल्या मुलखात गोऱ्यांचं राज्य होतं. गावोगावची तरणी पोरं 'चालते व्हा' म्हणत उठली आणि भूमिगत झाली. धोंडगव्हाणच्या चावडीसमोर पोलिसांचे तंबू पडले, त्यांच्यावर एक गोरा साहेब. गडी माणसाला गावाबाहेर जायचं तर चिठ्ठी लागायची. बायांना कोण विचारतो? पाण्याला निघालेली बाई, शेणीला निघालेली बाई, माहेराला निघालेली बाई. त्या गोऱ्या साहेबाला वाटलं, लढणारे पळाले, आता गावात नुसत्या बायका उरल्यात. हे म्हणजे दुकानात माल नाही असं समजून तिजोरीला टेकून बसण्यासारखं झालं.

कारण सगळं काम बायकाच करत होत्या. कुणी चार भाकरी जास्त थापायची, कुणी धुण्याच्या पिळ्यात कागद न्यायची. आणि निरोप कोण न्यायचं? अनसाक्का. पोलिसाला घरात शिरायचं तर दाराला लाथ मारावी लागते, कासारणीला बाया आत ओढून नेतात. नदीवर धुणं धुणाऱ्या बाईच्या हिरव्या काकणांत एक लाल काकण दिसलं की पलीकडच्यांनी समजायचं, आज वाट धोक्याची आहे, येऊ नका. ते लाल काकण सकाळी अनसाक्कानं भरलेलं असायचं. साहेबानं ती पाटी सात वेळा उपसली आणि सातही वेळा त्याला फक्त बांगड्याच सापडल्या.

त्याच गावात सर्जेराव नावाचा एक जवान होता. सरकारी खजिन्याची गाडी अडवणाऱ्यांत तो होता, म्हणून साहेबाला तो हवा होता, जिवंत नाहीतर मेलेला. लग्नाला चार महिने झाले होते. बायकोचं नाव सगुणा, वय सतराचं. लग्नातला हिरवा चुडा अजून तिच्या हातात होता, डाव्या हातात अकरा आणि उजव्यात दहा. भरला होता अर्थातच अनसाक्कानं.

एका सकाळी नदीच्या पुरात उडी टाकताना सर्जेरावाच्या पायाला गोळी लागली. तो वाहून गेला असं पोलिसांनी पाहिलं, पण तो मेला नव्हता. खालच्या वळणावर धुणाऱ्या बायकांनी लुगड्याची गाठ टाकून त्याला ओढून काढलं आणि जुन्या चुनाभट्टीत लपवलं. पाय सुजून खांबासारखा झाला होता. पळणं तर सोडा, त्याला उभंही राहता येत नव्हतं, आणि भट्टी गावापासून हाकेच्या अंतरावर.

साहेब हुशार होता. त्यानं पुस्तकं वाचून आपल्या चालीरीती शिकून घेतल्या होत्या. त्यानं दवंडी दिली, 'सर्जेराव गोळी लागून मेला.' आणि मग तो स्वतः जाऊन सर्जेरावाच्या अंगणात खुर्ची टाकून बसला. सोबत बाबालाल हवालदार. साहेबाचं गणित सोपं होतं. नवरा मेला हे खरं असेल तर बायको बांगड्या फोडेल. तसं झालं की आपले तंबू पुढच्या गावी. पण ती बांगड्या फोडत नसेल, तर नवरा जिवंत आहे आणि तिला ठावठिकाणा माहीत आहे. मग एकेक गंजी, एकेक विहीर, एकेक भट्टी उलटी करायची.

घरात दोघी बाया. सगुणा आणि तिची सासू कोंडाबाई. सर्जेरावाच्या तोंडात त्या दिवशी सकाळीच दुधात कुस्करलेली भाकरी गेली होती आणि ती सगुणानंच दिली होती. जित्या नवऱ्याची काकणं कशी फोडायची? नाही फोडली तर नवरा जातो. फोडली तर, तिच्या मनाला वाटत होतं, तरी नवराच जातो.

"आत्याबाई, दगड घ्या आन् फोडा," सगुणा म्हणाली. तिनं हात पुढं केले.

"माझा ल्योक जित्ता हाय," कोंडाबाई पदर तोंडात कोंबून म्हणाली. "हात झडतील माझे. मला न्हाई व्हायचं."

तेवढ्यात मागच्या दारानं पाटी घेऊन अनसाक्का आत आली. तिला काही सांगावं लागलं नाही. दोघींची तोंडं बघूनच तिला सगळं कळलं.

"अगं, येड्या का काय तुमी?" ती हळूच म्हणाली. "काकणाचं काम आन् कासारणीला बोलवणं न्हाई? बस खाली."

तिनं सगुणाचा हात पाण्यात बुडवला. अंगठ्याची मुळी दाबली, करंगळी आत वळवली, आणि एक काकण निघालं. मग दुसरं, मग तिसरं. घामानं आणि मेंदीनं मनगटाला धरून बसलेला तो चुडा, पण एकवीसची एकवीस काकणं अख्खी निघाली. एकालाही चरा गेला नाही, असं म्हणतात.

"ह्या आता कुठं ठिवायच्या?" कोंडाबाईनं विचारलं. "उतरंडीत?"

"उतरंडीत ठिवलं तर ती काच," अनसाक्का म्हणाली. "हातात असंल तरच काकण. ऊब लागती त्याला."

आणि त्या विधवेनं, तीस वर्षं मोकळ्या असलेल्या आपल्या हातांत, तो हिरवा चुडा चढवला. अकरा डावीकडं, दहा उजवीकडं. सगुणाकडं बघून म्हणाली, "ही तुझी ठेव माझ्यापाशी. जवर माझ्या हातात ही धड हायती, तवर तुझा धनी धड हाय. आता रड, पोरी. मोठ्यांदा रड."

सगुणाला रडायला सांगावं लागलं नाही. त्याच वेळी अनसाक्कानं पाटीतल्या मूठभर बांगड्या पाट्यावर घेतल्या आणि वरवंटा हाणला. काचेचा आवाज अंगणात गेला. अंगणात जमलेल्या बायाबापड्यांच्या काळजाचं पाणी झालं. हातांवरून पदर ओढून, ओंजळीत काचा घेऊन अनसाक्का बाहेर आली. काय म्हणायचं ते तिनं मनात घोकून ठेवलं होतं. 'सगुणाची काकणं फोडली,' एवढंच.

पण तीस वर्षं घराघरांत शुभ बोलायची सवय झालेली जीभ ती. ऐन वेळी घसरली.

"सायेब," ती म्हणाली, "सगुणाची काकणं वाढली."

अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला त्या एका शब्दात कळलं, की सर्जेराव जिवंत आहे. विधवेची काकणं कुणी 'वाढली' म्हणतं का? अनसाक्कालाही चूक कळली.

साहेबाच्या पुस्तकात तो शब्द होता, पण मोठं होण्याच्या अर्थानं. त्यानं मान वर केली. "वाढली? काय वाढली? जास्त झाली?" त्यानं बाबालाल हवालदाराकडं पाहिलं.

बाबालाल आपल्याच मुलखातला. मिरगाचा पाऊस कुठं पडतो आणि कुठला शब्द कुठं पडतो, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. दर ईदेला त्याच्या आईचे हात ह्याच अनसाक्कानं भरले होते. त्यानं एकदा ओंजळीतल्या काचांकडं पाहिलं, एकदा अनसाक्काच्या डोळ्यांत पाहिलं, आणि टाच जुळवून म्हणाला,

"साहेब, दुःख वाढलं म्हणते बाई. आमच्यात असंच म्हणतात."

साहेबानं वही काढून तो अर्थ टिपून घेतला, असं म्हणतात. चौथ्या दिवशी तंबू उठले आणि त्याच रात्री शेणींच्या गाडीतून सर्जेराव नदीपलीकडच्या मुलखात पोचला. जाता जाता बाबालाल अनसाक्काच्या पाटीजवळ थबकला होता म्हणे.

"आक्का, जिभेला जरा लगाम घाला."

"तीस वर्सांची जीभ हाय रे बाबालाल," अनसाक्का म्हणाली, "एका सकाळीत कशी वळंल?"

मग सगुणाचे दिवस सुरू झाले. कपाळ पांढरं, हात मोकळे. नवरा जिवंत, आणि जगासाठी ती विधवा. साहेबाचे खबरे येता-जाता बघायचे, म्हणून सोंग पुरतं वठवावं लागायचं. एकशे चाळीस उंबऱ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि एकाही उंबऱ्यानं तोंड उघडलं नाही. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवायचं नाही. पण पाणवठ्यावर भेटली की बाया तिच्या तळहातावर कुंकवाचं बोट टेकवायच्या आणि तिची मूठ मिटवायच्या. घरी पोचेपर्यंत सगुणा ती मूठ उघडायची नाही.

आणि बाजाराच्या दिवशी अनसाक्का यायची. सर्जेरावाची खुशाली कळली असली, तर ती गल्लीच्या तोंडापासूनच हात हलवत, काकणं वाजवत यायची. तो आवाज म्हणजेच सगुणाचं पत्र. काही कळलं नसेल, तर ती हात पदरात घट्ट धरून यायची. मग सगुणा तिच्या हातांना हात लावून विचारायची, "बरी हायती का वो आक्का?"

"बरी हायती गं. कुरकूर सुदिक करत न्हाईत."

गावातली एखादी नवखी सून कुजबुजायची, 'म्हातारीला ह्या वयात हिरवा चुडा भरायची हौस बघा.' तेव्हा तिची सासू तिला कोपरखळी मारायची आणि म्हणायची, "गप. तो तिचा न्हाई, गावाचा हाय."

दीड वर्ष असं गेलं. मग साहेब फिरून आला. आणि ह्या वेळी त्याचं पुस्तक बरोबर उघडलं. विधवा बाई बांगड्या भरत नाही, मग ह्या कासारणीच्या हातात हिरवा चुडा कसा? तिला चावडीसमोर उभं केलं. सगळं गाव लांबून बघत होतं.

"ह्या कुणाच्या?" साहेबानं विचारलं.

"मालाच्या हायती, सायेब. हातात घालून दावल्याबिगर गिऱ्हाईक घेत न्हाई."

आता ह्यात खोटं काढायचं कसं? साहेबाला राग आला. त्यानं वेताची छडी उचलली. "सर्जेराव मेला की जिवंत? हात पुढं कर!"

अनसाक्कानं हात पुढं केले नाहीत. तिनं दोन्ही हात वर केले, डोक्याच्याही वर, सरळ आभाळात. आणि म्हणाली, "हातावर नगं, सायेब. हातातला माल गिऱ्हाइकाचा हाय. पाठ माझी सोताची हाय."

मंडळी, उभी हयात मी व्यापार केला. सचोटीवर लोक तासतास बोलतात ते ऐकलं. पण ह्या दोन वाक्यांच्या वर सचोटी गेलेली मी ऐकली नाही.

साहेबानं पाठीवर छडी ओढली. ती हलली नाही. सकाळचं ऊन डोक्यावर आलं तरी तिचे हात वरच होते. दोन चिमण्या येऊन तिच्या मनगटांवर बसल्या आणि छडीच्या आवाजालाही उडाल्या नाहीत, असं म्हणतात. हिरव्या काचेतून ऊन गाळून तिच्या तोंडावर पडत होतं आणि तिला घाम आला नाही, असं म्हणतात. ह्यातलं किती धरायचं ते तुम्ही ठरवा. पण एक गोष्ट सगळेच सांगतात. शेवटच्या फटक्याला कडकन आवाज झाला. गावानं डोळे मिटले. गर्दीतल्या सगुणानंही.

उघडून बघतात तर साहेबाच्या हातात नुसती मूठ उरलेली. आणि एक म्हातारी गर्दीतून ओरडली,

"अगं बाई, सायबाची छडी वाढली गं!"

गाव हसलं. दोन वर्षांत पहिल्यांदा गाव खदखदून हसलं. आणि गाव हसतंय म्हटल्यावर साहेबाला काय करावं सुचेना. त्यानं वही काढून बघितली. तिथं त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'वाढणे म्हणजे दुःख.' तो गोंधळून तंबूत गेला, तो पुन्हा धोंडगव्हाणात दिसलाच नाही.

अनसाक्काचे हात खाली घ्यायला चार बाया लागल्या. त्यानंतर ते कधीच पुरते सरळ झाले नाहीत. पण काकणं एकवीसची एकवीस. फक्त डाव्या हातातल्या एकात केसाएवढी चीर गेली होती.

पुढं एक वर्षानं पकडवॉरंटं रद्द झाली आणि सर्जेराव उजेडी गावात आला. डाव्या पायानं किंचित लंगडत होता, केसाएवढंच. बाकी धड. त्याच्या पुढच्या वर्षी गोऱ्यांनीही आपलं दुकान वाढवलं. आपल्या अर्थानं.

सर्जेराव आला त्या दिवशी अनसाक्काला उंबऱ्यात पाट मांडला. तिनं आपल्या वाकड्या हातांनी एकेक काकण काढलं आणि सगुणाच्या हातात भरलं. हात तोच, कला तीच. कोंडाबाईनं सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं, तर ते अश्रूंनी नाकापर्यंत ओघळलं. एकवीस भरून झाली. चाल अशी, की काकणं भरल्यावर बाईनं कासारणीला नमस्कार करायचा. सगुणा वाकली. आणि उठताना तिनं आपल्या हातातलं एक काकण, चिरेचं नव्हे, चांगलं, धड, उतरवलं आणि अनसाक्काच्या मनगटावर चढवलं.

"ह्ये गं काय?" अनसाक्का दचकली. "रांडमुंड बाई मी. तुझी ठेव तुला पोचली."

"वीस माझी," सगुणा म्हणाली. "ह्ये तुमचं."

"अगं, लोक काय म्हणतील? मोकळ्या हाताची सवं हाय मला."

"अडीच वर्सं म्या बी मोकळ्या हातानं काढली, आक्का," सगुणा म्हणाली. "सवं व्हत न्हाई. मला ठावं हाय."

अनसाक्कानं दुसऱ्या हातानं ते काकण मनगटावर नीट बसवलं. ते काकण मरेपर्यंत तिच्या हातात राहिलं. गेली तेव्हा कोंडाबाईनं ठणकावून सांगितलं, हे काकण कुणी उतरवायचं नाही. तसंच नेलं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले, तर राखेत हिरवा मणी चमकत होता, असं म्हणतात.

धोंडगव्हाणात आजही लग्नात चुडा भरायला कासार बसला, की पहिलं काकण नवरीच्या हातात जात नाही. आधी हाक जाते, "अनसाक्काची ठेव कोण घेणार?" मग गावातली कुणीतरी विधवा बाई, तरणी असो की म्हातारी, पुढं येऊन पाटावर बसते. कासार तिच्या हातात एक हिरवं काकण भरतो. ती दोन्ही हात वर करून ते सगळ्यांना दाखवते, नवरी तिच्या पाया पडते, आणि मग नवरीचा चुडा सुरू होतो. नवरीच्या चुड्यात त्या दिवशी एक काकण कमी असतं. ते कुणी भरून काढत नाही.

परवाच्या लग्नात मी तिथं होतो. पाटावर बसलेली बाई दुसऱ्या गावाहून नुकतीच मावशीकडं राहायला आलेली, पंचविशीची. तिला रीत माहीत नव्हती. काकण भरून झालं तशी ती घाबरून म्हणाली, "परत कवा द्यायचं ह्ये?"

शेजारच्या म्हातारीनं तिचा हात आपल्या हातात घेतला.

"ठेव हाय बाई," ती म्हणाली. "पण मागाय कुणी येत न्हाई."